चहाबरोबरची गोळी

उसाची पानं तपासणं हे माझं काम. बारामतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं माती, पाणी आणि पानं तपासते आहे. शेतकरी सकाळी सकाळी येतात, पिशवीतून पानं काढून टेबलावर मांडतात आणि तापानं फणफणलेलं लेकरू डॉक्टरपुढं धरावं तसे माझ्याकडं बघत बसतात. वरून तिसरं पान आणायचं, मधली शीर काढून टाकायची, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचं नाही, हे एकदा सांगितलं की पुढच्या वेळी सगळं तसंच करून आणतात. उसाच्या बाबतीत आमच्याकडची माणसं फार आज्ञाधारक आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझा राग इथूनच सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात माझे वडील शेळगावहून मोटारसायकलवर थेट प्रयोगशाळेत आले. त्यांना आम्ही आबा म्हणतो. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात कागदी पिशवी आणि तिच्यात चार पानं. उसावर केवडा पडला होता. म्हणजे पानं आधी पिवळी, मग पांढरट, शिरा तेवढ्या हिरव्या. आमच्या चुनखडीच्या रानात हे नेहमीचंच. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळं मुळांना ते उचलता येत नाही. आबांना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी ते उन्हातान्हाचे एवढ्या लांब आले, कारण रस्त्यावरून जाताना आपला फड शेजाऱ्याच्या फडापेक्षा फिका दिसला होता आणि तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

मी हिराकशीची, म्हणजे लोहाची, फवारणी सांगितली, ठिबकमधून काय सोडायचं ते लिहून दिलं आणि सवयीनं बजावलं की कॅल्शियमचं खत त्याच टाकीत कालवू नका, साका बसेल. आबांना ते लागलं. “मला शिकवती व्हय? लोह एका टाकीत, कॅल्शियम दुसऱ्या टाकीत. शेंबडं पोर बी सांगंल.” मग माझ्या डब्यातली भाकरी खाता खाता मी आईचं विचारलं. बरी हाय म्हणाले. जरा दमती, वय झालं. आई तेव्हा बावन्न वर्षांची होती. आबा अठ्ठावन्नचे, आणि त्यांचं काही वय झालेलं नव्हतं.

शनिवारी मी गावी गेले. आई पडवीत तांदूळ पाखडत बसली होती आणि पाखडता पाखडता कच्चे तांदूळ तोंडात टाकत होती. ही तिची जुनी खोड, म्हणजे आम्ही तिला खोड म्हणायचो. तांदूळ लवकर संपले की माझा भाऊ घरात मोठी घूस शिरली म्हणून ओरडायचा आणि आईसुद्धा हसायची. अंगात रक्त कमी असलं की माणसाला कच्चे तांदूळ, माती, खडू असलं काहीबाही खावंसं वाटतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी ती सूप घेऊन उठली, चार पावलं चालली आणि खांबाला धरून थांबली. मी तिचा हात हातात घेतला. तळहाताला रंग म्हणून नव्हता, रेघासुद्धा पांढऱ्या. लोकांची पानं रोज उजेडात धरून बघणारी मी, पण आईचा हात याआधी कधी बघितला होता ते मला आठवेना.

सोमवारी रजा टाकून तिला तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन सहा निघालं. डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, आपल्याकडं बायकांचं रक्त कमीच असतं. मग लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि एक लाल टॉनिक लिहून दिलं. रक्त का कमी झालं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्याकडं कुणी पिवळं पान आणलं आणि मी म्हटलं, आपल्याकडं उसाचं पान पिवळंच असतं, तर तो माणूस माझं टेबल उलथून जाईल. आईच्या वतीनं टेबल उलथायचं मला सुचलं नाही. उलट डॉक्टरांना हात जोडून बाहेर आले.

औषधं देताना मेडिकलवाल्यानं सांगितलं की शौचाला काळं होईल, पोटात थोडं जळजळेल, घाबरायचं नाही. हे त्यानं मला सांगितलं, आईला नाही. आई शेजारीच उभी होती. मग मी वळून, विज्ञानाची पदवी घेतलेल्या बाईच्या थाटात, तिला समजावलं: काळं झालं तर गोळी लागू पडतेय असं समज. हे वाक्य माझं आहे. ते डॉक्टरांच्या माथी मारता येत नाही आणि मेडिकलवाल्याच्याही नाही.

पुढचे तीन महिने मी रोज फोन करत होते. गोळी घेतली का? घेतली. पोटात आग पडती गं. गोळीनं होतं तसं. काळं व्हतंय. होऊ दे. जिना चढवत न्हाय. थोडा वेळ लागतो, आई. तिच्या प्रत्येक तक्रारीला माझ्याकडं उत्तर तयार होतं, आणि तिनं तक्रार केली की मी लगेच ती निकालात काढत होते.

गणपतीला घरी गेले तेव्हा आई गोळ्या कशा घेते ते बघितलं. सकाळचा दुधाचा चहा, तळहातावर लोहाची एक आणि कॅल्शियमची एक, दोन्ही एकदम घशात, वर चहाचा घोट. दोन्ही एकाच पाकिटात आल्या म्हणून एकत्रच घ्यायच्या, असा तिचा हिशेब. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोहाला अंगी लागू देत नाहीत. आबा शेजारी बशीत चहा ओतून पीत होते. मी त्यांना विचारलं, आबा, लोह आणि कॅल्शियम एका टाकीत घातलं तर काय होतं?

“साका बसतो,” ते म्हणाले आणि बशी तोंडाशी नेता नेता थांबले.

मग आईच्या पोटात तीन महिने काय बसलं असेल, असं मी विचारलं. आबा म्हणाले, आमाला कुणी सांगितलं? तेही खरंच. खताच्या पोत्यावर ते ठसठशीत छापलेलं असतं. आईच्या पाकिटावर मेडिकलवाल्यानं पेनानं दोन उभ्या रेघा मारल्या होत्या, त्याचा अर्थ दोनदा की दोन, हे विचारायची आम्हा कुणाला गरज वाटली नाही. मी लोहाची गोळी सकाळी अनशापोटी लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियमची दुपारच्या जेवणानंतर, अशी फोड करून दिली. बारामतीला परतल्यावर ही गोष्ट मी कामावर सगळ्यांना रंगवून सांगितली. आपण रोग पकडला या आनंदात मी महिनाभर होते.

महिन्यानं आई गोठ्यात भोवळ येऊन पडली. शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला बारामतीला एका मोठ्या दवाखान्यात आणलं. हिमोग्लोबिन पाचच्याही खाली गेलं होतं. लोह खाऊन माणसाचं रक्त कमी झालं होतं, आणि मी हातात फाईल धरून उभी होते.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. ती खुर्ची ओढून आईच्या उशाशी बसली आणि म्हणाली, शौचाला काळं होतं का? कधीपासून? मी लगेच म्हणाले की लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, त्याचं आहे ते. तिनं माझ्याकडं न बघता हात वर केला.

“ताई, तुम्ही थांबा. आईंना सांगू दे.”

आई म्हणाली, “गोळ्या चालू व्हायच्या आदीपास्नं. मागल्या सुगीपास्नं.”

मग सांगितलं का नाहीस, असं मी जवळजवळ ओरडले. आई शांतपणे म्हणाली, “तू म्हणलीस काळं झालं तर भ्यायचं न्हाय. मग म्या कशाला भिऊ?”

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेता? गुडघ्याच्या, अंगदुखीच्या? आई न्हाय म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा न्हाय म्हणाली. आबांनी साक्ष दिली की तिला गोळ्याबिळ्यांची सवयच न्हाय. मीही मान हलवली. आमच्यातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं. मग त्या बाईंनी वेगळी वाट धरली. सकाळी उठल्यापासून दिवसभर काय काय खाता आणि पिता ते ओळीनं सांगा म्हणाल्या. आईनं सांगितलं: सकाळी चहा, न्याहारीला भाकरी, दुपारी कालवण-भाकरी, मग चार वाजता मिरचीत बायांबरोबर चहा आणि चहाबरोबरची गोळी.

“कसली गोळी?”

“ती औषदाची न्हाय वो. चहाबरूबरची.”

आता हे समजावून सांगायला हवं. उसाशिवाय आमची हिरवी मिरची असते. तोड्याला गावातल्या दहा-बारा बाया येतात. मिरचीचं झाड गुडघ्याएवढं, म्हणजे सकाळपासून सगळं काम कमरेत वाकून. चार वाजता बांधावर चहा येतो आणि किटलीशेजारी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. त्यात दुखण्याच्या गोळ्या. बाया कप घेतात आणि दुसरा हात पुढं करतात, आई प्रत्येकीच्या हातावर एक गोळी ठेवते आणि शेवटची स्वतः घेते. त्या गोळीवर दिवस मावळेपर्यंत पुन्हा वाकता येतं. आबा महिन्याला मेडिकलमधून अख्खा खोका आणतात. चिठ्ठी कुणी मागत नाही. गोळी देणारा मालक चांगला समजला जातो, ज्याच्याकडं मिळत नाही त्याच्या रानात बाया नाखुशीनं जातात. बारा-तेरा वर्षं हे चाललं होतं. कॉलेजच्या सुट्टीत मी स्वतः तो डबा घेऊन सऱ्यांतून फिरले आहे. त्याला कुणी औषध म्हणत नव्हतं, मग औषधांच्या यादीत ते येणार कसं? पुढं पुढं आई सकाळी धारा काढायच्या आधीही एक घ्यायला लागली होती, रिकाम्या पोटी. हे आम्हाला त्या दिवशी दवाखान्यात कळलं.

दुर्बीण घातली. जठरात दोन जखमा निघाल्या. त्यातून वर्षभर रक्त झिरपत होतं, एकदम नाही, थोडं थोडं, आणि ते काळं होऊन बाहेर पडत होतं. डॉक्टरीणबाईंनी आबांना समोर बसवून सगळं सांगितलं. त्या गोळ्यांनी हे झालं, पुन्हा एकही पोटात जाता कामा नये, असं दोनदा बजावलं. आबा म्हणाले, “म्हंजी पाइप खाली फुटलाय आन आमी वरनं पाणी सोडतोय.” त्या म्हणाल्या, बरोबर.

रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी सलाइनमधून लोह सुरू केलं, गडद तपकिरी रंगाचं. आबा संध्याकाळी आले आणि त्या नळीकडं बघत बसले. त्यांनी नर्सला सुचवलं की धार फार बारीक आहे, कॉक जरा मोकळा करा. नर्स म्हणाली, भराभर सोडलं तर जिवावर बेतेल. आबांनी मान डोलावली. थेंब थेंबच द्यावं लागतं, व्हय, असं ते इतक्या जाणतेपणानं म्हणाले की माझा तोल गेला. मी म्हणाले, ठिबकमधलं सगळं कळतं तुम्हाला. उसाचं पान फिकं दिसलं तर तिसऱ्या दिवशी माझ्याकडं आलात, तेही शीर काढून. ही वर्षभर तुमच्यासमोर पांढरी पडत होती. रोज तुमच्या ताटात भाकरी वाढणारा हात होता हा. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं आमच्याकडं बघायला लागली.

आबा चिडले नाहीत. म्हणाले, “ऊस बोलत न्हाय, म्हणून त्याच्याकडं बघावं लागतं. तिला तोंड हाय. वाटलं, सांगंल.”

या वाक्याचा मी फार विचार केला आहे. ते लबाडीचं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते सहन होत नाही. आई तर सांगत होती. तिनं मला फोनवर तीन महिने सांगितलं.

तेवढ्यात आईनं डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, “आज तोडा हुता न्हवं? चहा कुणी दिला?”

“म्याच देऊन आलो. म्हणून तर उशीर झाला.”

“आन गोळी?”

“दिली की,” आबा म्हणाले. “मागत्यात.”

आदल्याच दिवशी या माणसाला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. ते त्यांना समजलंही होतं, फुटक्या पाइपाचा दाखला त्यांनीच दिला होता. पण ते आईच्या पोटापुरतं होतं. त्या दहा बायांची पोटं त्यांच्या मनातच आली नाहीत. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिला रडताना मी क्वचितच बघितलं आहे. ती म्हणाली, “ते तरी आज एक दिवस देऊन आलं. म्या इतकी वर्सं दिली. माज्या हातानं.”

आठवड्यानं तिला घरी आणलं. येताना, आबा ज्याच्याकडून खोके आणतात त्या मेडिकलवाल्याकडं मी थांबले. कसलीही चिठ्ठी नसताना खोके कसे देता, असं विचारलं. त्यानं माझ्याकडं दयाळूपणे बघितलं. लोक मागतात, म्हणाला. मी नाही दिलं तर पुढचा देईल. माझ्यामागं उभ्या असलेल्या माणसानं तेवढ्यात एक पाकीट मागितलं आणि ते त्याला मिळालं. मी तिथं भांडले, चांगलीच भांडले, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. जाता जाता त्यानं आईची तब्येत विचारली.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तोडा होता. आईला अंथरुणावर राहायला सांगितलं होतं, पण चार वाजता ती माझा हात धरून मिरचीपर्यंत आली आणि बांधावर बसली. चहा आला. बाया सऱ्यांतून बाहेर आल्या, तिची चौकशी केली, कप घेतले आणि दुसरा हात पुढं केला. मी आईशेजारी उभी होते. दहा तळहात माझ्यासमोर होते. मिरचीनं हिरवट झालेली बोटं, आणि मध्ये सगळ्यांचा रंग तोच. तो रंग मला आता पाठ झाला होता.

आईनं सांगितलं की गोळी बंद. का बंद, तेही सांगितलं, अगदी शौचाच्या रंगासकट. बाया ऐकत होत्या. त्यांच्यात सगळ्यांत थोरली एक आहे, तिला सगळ्या मावशी म्हणतात. ती म्हणाली, “वयनी, तुमी गाडीतनं दवाखान्यात गेलासा, बरं झालं. आमी सांजच्यापतोर वाकायचं कसं?” आणि तिनं कमरेची पिशवी सोडून पाकीट काढलं. तुमी देनार न्हाय हे कानावर आलं हुतं, आमची आमी आणली, म्हणाली. पाकीट त्याच मेडिकलमधलं होतं.

मी काहीतरी बोलायला लागले, तपासणी करा, सरकारी दवाखान्यात चला, मी घेऊन जाते. ते सगळं खरं होतं, आणि पुढं मी त्यांना नेलंही. पण मावशीचा प्रश्न तो नव्हता. तिला आत्ता, चार ते सात, वाकायचं कसं ते हवं होतं.

आईनं तिच्या हातातलं पाकीट काढून घेतलं. “आजपास्नं चार वाजता सुट्टी,” ती म्हणाली. “रोजगार हाय तेवढाच.”

आबा मागं मिरचीची कॅरेट रचत होते. ते तिथूनच म्हणाले की सातला माल न्यायला पिकअप येतोय, अजून आठ सऱ्या राहिल्यात, हे काय खूळ. आईनं मान वळवली नाही.

“मग तुमी वाका.”

आबा हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की दुसरं कुणी हसत नाही. बाया घरी जायला उठल्या होत्या, पण कुणी गेली नाही. आबांनी टॉवेल कमरेला बांधला, बादली उचलली आणि सरीत शिरले. मीही शेजारच्या सरीत गेले. आबांची पहिली सरी झाली, दुसरी अर्धी झाली. तिथं ते उभे राहिले, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागं वाकले, पुन्हा खाली वाकले आणि लगेच उभे राहिले. बादली तिथंच सोडून ते सावकाश बांधावर आले आणि आईशेजारी बसले. ते पार घामाघूम झाले होते.

किटलीत अजून चहा होता. आबांनी कपाळ पुसलं आणि समोरच्या मिरचीकडं बघत, अगदी सवयीनं, आईपुढं हात केला.

त्यांचा तळहात लालभडक होता. आमच्यातल्या प्रत्येकीनं तो बघितला. मग त्यांनीही बघितला, आणि हात मागं घेणार तेवढ्यात आईनं त्यावर चहाचा कप ठेवला.